खिळ्यावरचा कोट

माझा कोट अडीच वर्षं एकाच खिळ्यावर लटकत होता.

आमच्या शेडमध्ये तशी रीतच आहे. कोणी आजारपणासाठी, बाळंतपणासाठी किंवा म्हाताऱ्या बापाचं करायला काही महिने जाणार असेल, तर त्यानं कामाचा कोट खिळ्यावरच सोडून जायचं. कोट घरी नेला की माणूस परत येत नाही. ही रीत रोस्वितानं गोदीतून आणली. तिच्या घरचे सगळे पुरुष पेने नदीकाठी जहाजं बांधायचे. ती स्वतः अठ्ठावीस वर्षं आमच्या यंत्राच्या तारा जोडते आहे, पण तिचे शकुन-अपशकुन अजून गोदीचेच.

"घे बाई, सांभाळला तुझा कोट," मी कामावर परतले त्या दिवशी ती म्हणाली. "कुणाला हात लावू दिला नाही. आता अंगात शिरतो का बघ."

"शिरतो की."

"बटणं लाव आधी, मग बोल."

बटणं लागली नाहीत. ती खो खो हसली, मीही हसले. मग माझा हात छातीवरच्या खिशाकडे गेला आणि माझं हसू थांबलं. खिशाला माझा जुना बिल्ला तसाच अडकलेला होता.

बिल्ला म्हणजे काडेपेटीएवढी प्लास्टिकची डबी. आत एक पारदर्शक चकती असते. तिच्यावर न्यूट्रॉन आदळले की डोळ्यांना न दिसणारे ओरखडे उठतात. दर महिन्याला सगळ्यांचे बिल्ले मापन कार्यालयात जातात, तिथे ओरखडे मोजतात आणि कुणाच्या अंगावर किती किरण पडले ते कळवतात. माझा त्या महिन्याचा बिल्ला गेलाच नव्हता. घरी सापडेना म्हणून 'हरवला' असं मीच लिहून पाठवलं होतं. आणि तो इथे होता, यंत्रापासून दोन पावलांवर, विटांच्या खांबावर.

मी तो काढून मुठीत धरला. एक प्रश्न मी अडीच वर्षं मनात घेऊन हिंडत होते. त्याचं उत्तर देऊ शकेल असं काही असेल, तर तो हाच बिल्ला.

आमच्या शेडमध्ये पूर्वी हेरिंग मासे डब्यांत भरायचे. कडक उन्हाळ्यात भिंतींना अजून तो वास सुटतो. शेजारच्या शहरात सूर्याची आग पृथ्वीवर आणायचं मोठं यंत्र आहे, शेकडो माणसं आहेत, पाहुण्यांसाठी वेगळं कँटीन आहे. तिथे तापलेला वायू चुंबकांच्या पिंजऱ्यात कोंडून धरतात. आमचा रस्ता निराळा. आम्ही कपॅसिटरच्या रांगांमध्ये वीज साठवतो आणि ती सगळी एका क्षणात पोलादी टाकीतल्या चिमूटभर वायूत सोडतो. वायू स्वतःलाच चिरडतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं संपतं. शेड हादरते, खिडक्यांच्या काचा थरथरतात. याला आम्ही 'बार' म्हणतो. प्रत्येक बाराची खडूची एक रेघ दारावर पडते.

"ते लोक वाघ पाळतात," आमचे प्रमुख प्रोफेसर राडलॉफ म्हणायचे, "आपण काडी ओढतो. बघू या कुणाची चूल आधी पेटते."

चूल पेटतेय की नाही हे कळतं न्यूट्रॉनवरून. टाकीत जड हायड्रोजन भरून बार उडवला आणि त्याचे कण खरोखर एकमेकांत मिसळले, तर न्यूट्रॉन बाहेर पडतात आणि काउंटर ते मोजतो. आमचा काउंटर एका बाराला हजार कोटी दाखवायचा. आता काउंटर खोटं बोलत नाही ना, हे तपासायला सोमवारी साधा हायड्रोजन भरून तीन बार उडवायचे. साध्या हायड्रोजनमधून न्यूट्रॉन येऊच शकत नाहीत, काउंटर गप्प राहायला हवा. म्हणून त्याला 'मुका बार' म्हणायचं.

आमचे मुके बार कधीच पुरते मुके नव्हते. काउंटर बोलायचाच, एवढंच की जरा हळू आवाजात. त्यालाही प्रोफेसरांकडे उत्तर होतं. जड हायड्रोजन टाकीच्या पोलादात मुरतो, जुन्या भिंतीत ओल मुरावी तसा, आणि मुक्या बारात तोच थोडा थोडा बाहेर येतो. "लोक म्हणतात भिंतींना कान असतात," ते हसून सांगायचे, "आपल्या भिंतींना आठवण आहे." हे पुस्तकांतही असतं, खोटं नाही. शंभर मुके बार उडवले असते तर ओल सुकते की नाही ते कळलं असतं. पण प्रत्येक बारानं कपॅसिटर झिजतात आणि आमचे तर आधीच म्हातारे. तेव्हा तीनच, आणि मंगळवारपासून पुन्हा जड हायड्रोजन. एकतीस वर्षं असंच.

अडीच वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, टाकीजवळच्या कॅमेऱ्याचं लांबून दाबायचं बटण बिघडलं. नवं यायला आठवडा लागणार होता. बार उडताना शेडमध्ये कुणी थांबायचं नाही असा नियम आहे. आम्ही सगळे पलीकडे, न्यूट्रॉन अडवणाऱ्या पाण्याच्या कॅनच्या भिंतीमागे बसतो.

"खांबाच्या आडोशाला उभं राहून हातानं दाबता येईल," मी म्हटलं.

प्रोफेसरांनी क्षणभर विचार केला. "अकराच बार आहेत," ते म्हणाले. "उभी राहा. कान नीट बांधून घे."

अकरा बार मी त्या खांबाशी उभी राहिले. पुढच्या आठवड्यात मला कळलं की मी गरोदर आहे, दुसरा महिना लागलाय. प्रोफेसरांनी त्याच तासाला मला शेडच्या दाराबाहेर काढलं. कोट आत खिळ्यावर राहिला.

फेन्या ऑक्टोबरात झाली. नर्सनं तिला माझ्या छातीवर ठेवलं तेव्हा ती डोळे मिटून, ओठ मुडपून, कुणावर तरी रागावल्यासारखी पडली होती. तिच्या डाव्या हाताला तीन बोटं होती. एक अंगठा आणि दोन बोटं, नखं तांदळाच्या कणीएवढी. मी पुन्हा पुन्हा मोजली.

"असं होतं कधी कधी," डॉक्टर म्हणाल्या. "कारण शोधत बसू नका. मुलगी ठणठणीत आहे."

कारण शोधत बसू नका, हे ज्या बाईचं कामच मोजणं आणि कारणं शोधणं आहे, तिला सांगतात. अकरा बारांनी एवढं होत नाही, हे मला कागदावर करून दाखवता आलं असतं. पण तिला दूध पाजताना तो चिमुकला हात माझ्या छातीवर पसरायचा, आणि कागदावरचं सगळं पुसून जायचं.

प्रोफेसर बाळ बघायला आले होते. स्वतः कोरलेलं, चाकांचं लाकडी बदक घेऊन. ते पाळण्यावर वाकले. हात दुपट्याच्या बाहेर होता. त्यांचे ओठ हलले. त्यांनीही मोजलं. मग बदक खाली ठेवलं आणि केक कापलेला असताना, कॉफी ओतलेली असताना, 'येतो' एवढं म्हणून ते निघून गेले. त्यानंतर त्यांनी माझ्या डोळ्यांत कधी पाहिलं नाही. मी परत कामावर आले तेव्हाही माझ्या बुटांशी बोलले.

हा सगळा प्रश्न मी त्या बिल्ल्याबरोबर पाकिटात घालून मापन कार्यालयाला पाठवला. मी गेल्यापासून दारावर सहाशे अकरा रेघा वाढल्या होत्या. त्यांत माझे अकरा मिळवायचे. एकूण आकडा आला की साधं त्रैराशिक: सहाशे बावीस बारांना इतके, तर अकराला किती? माझ्या लेकीच्या वाट्याला नेमके किती आले ते मला कळणार होतं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. फेन्याला पाळणाघरातून आणलं होतं, ती कडेवर होती, बुटांना चिखल. मी दारातच फोडलं. 'मोजता येण्याइतका किरणोत्सर्ग आढळला नाही. शून्य.'

मी दारातच खाली बसले. तिचा डावा हात धरून तिन्ही बोटांची पापी घेतली, एकेकाची, पुन्हा पुन्हा. ती वैतागली. "आई, ओलं," म्हणाली आणि हात माझ्याच कोटाला पुसला. मी केलं नव्हतं. माझ्या अंगावर, तिच्या अंगावर काही पडलंच नव्हतं. अडीच वर्षांनी मी पोटभर श्वास घेतला.

मग बटाटे सोलायला बसले, आणि तिसऱ्या बटाट्याशी सुरी थांबली.

सहाशे बावीस बार. मुके सोडले तर प्रत्येकाला हजार कोटी. दोन पावलांवर. त्या चकतीवर ओरखड्यांची जाळी व्हायला हवी होती. आमचे बाकीचे बिल्ले नेहमी शून्यच यायचे, पण आम्ही पाण्याच्या भिंतीआड बसतो म्हणून, असं समजून आम्ही खूश असायचो. हा बिल्ला पाण्याआड नव्हता. बार उडतो तेव्हा विजेचा झटका शेडभर पसरतो. काउंटर न्यूट्रॉन मोजत नव्हता, तो त्या झटक्यानं दचकत होता. जड हायड्रोजनच्या बारांना आम्ही वीज जास्त देतो, म्हणून तेव्हा जास्त. मुक्या बारांना कमी, म्हणून कमी. ओल नव्हतीच. भिंतींना कसलीही आठवण नव्हती.

माझा नवरा आर्ने पवनचक्क्यांच्या कामावरून आला तेव्हा मी पत्र समोर ठेवून बसले होते.

"म्हणजे तुझ्यामुळे नाही," त्यानं वाचून म्हटलं. "मी म्हणत नव्हतो? मग आता रडतेस कशाला?"

"शून्य आलंय, आर्ने."

"तेच तर हवं होतं ना!"

"न्यूट्रॉन नाहीतच. कधी नव्हतेच. एकतीस वर्षं."

तो खुर्ची ओढून बसला. मग माझ्या हातातून सुरी घेऊन उरलेले बटाटे सोलायला लागला. "हे अजून कुणाला माहीत आहे?"

"तुला."

"मला यातलं काही कळत नाही. म्हणजे कुणालाच नाही." त्यानं साल बादलीत टाकलं. "विबके, म्हातारा प्रोफेसर आपल्या लग्नात नाचला होता. गुडघे दुखत असताना. पुढच्या गुरुवारी ती बर्लिनची समिती येणार, शेड राहणार की जाणार ते ठरणार. आपलं पोर ठीक आहे. कागद शेगडीत टाक."

मी टाकला नाही. पण माझ्या मनातही तेच आलं होतं, हे लपवत नाही.

मला वाटलं, आधी प्रोफेसरांना सांगावं. एकट्यांना. शुक्रवारी दुपारी ते आपल्या खोलीत डबा उघडून बसले होते. काळा पाव, खारवलेली हेरिंग, कांदा, रोजचंच. मी पत्र त्यांच्या डब्याशेजारी ठेवलं आणि सांगितलं, बिल्ला कुठे होता, किती बार, काय आलं.

त्यांनी वाचलं. चष्मा काढला. "म्हणजे मुलीचा हात..."

"तुमच्यामुळे नाही, प्रोफेसर. कुणामुळेच नाही."

त्यांचे खांदे खाली आले. कुणी पाठीवरून पोतं उतरवावं तसे. डोळे मिटून ते म्हणाले, "तुला ठाऊक नाही, रोज... मी तुला म्हणालो होतो ना, अकराच बार आहेत म्हणून."

"हो."

"तेवढं एक वाक्य." त्यांनी डोळे पुसले आणि मग पत्राकडे पुन्हा पाहिलं. त्यांचा चेहरा बदलताना मी पाहिला. मला जे तिसऱ्या बटाट्याशी कळलं, ते त्यांना तिथे कळत होतं. "बिल्ला जुना होता," ते हळू म्हणाले. "ओरखडे बुजतात."

"एवढे नाही बुजत. तुम्हीच शिकवलंय मला."

नवी टाकी आठवड्यापूर्वी रोस्टॉकहून आली होती. कोरी, चकचकीत. तिच्यात अजून एकही बार उडाला नव्हता. जड हायड्रोजनचा एक थेंबही त्या पोलादानं पाहिला नव्हता.

"सोमवारी हिच्यात पहिला बार मुका घेऊ," मी म्हटलं. "हिला आठवण असूच शकत नाही. काउंटर गप्प राहिला, तर मी चुकले. हे पत्र मी इथेच फाडून टाकीन."

"आणि बोलला तर?"

त्यांनी डबा बंद केला. मासा तसाच होता. "बरोबर आहे," ते म्हणाले. "परीक्षा बरोबर आहे. सोमवारी."

सोमवारी मी फेन्याला सोडून आठच्या ठोक्याला पोचले. दार ढकललं आणि नाकाला जळका, तिखट वास लागला. बारानंतर हवेला येतो तो. दारावर खडूच्या नव्या रेघा होत्या. नऊ.

रोस्विता तारांच्या ढिगाशी पाठ करून बसली होती.

"मुके होते का गं?" मी विचारलं.

"काल बोलावलं त्यांनी. रविवारी. एकट्यानं उडवायचा नियम नाही म्हणाले, ये." तिनं वळून पाहिलं नाही. "नऊही जड."

"आणि तू जोडल्यास तारा?"

"अठ्ठावीस वर्षं जोडतेय. काल मला कुणी सांगितलं का, आजपासून विचारत जा म्हणून?" मग आवाज उतरला. "मला वाटलं, तुला माहीत असेल. आई शप्पथ, विबके."

नव्या टाकीच्या भिंती आता ओल्या होत्या. निदान तसं म्हणायची सोय झाली होती. आता तिच्यात हजार मुके बार उडवले तरी कुणीही म्हणू शकत होतं, भिंतींना आठवतंय. दुसरी कोरी टाकी यायला वर्ष लागलं असतं, आणि आमच्याकडे तीन दिवस होते.

प्रोफेसर खिडकीशी उभे होते. मी ओरडणार होते, पण त्यांनी वळून फेन्याच्या जन्मानंतर पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"यंत्र चालतं, विबके," ते म्हणाले. "तुझ्या मुलीचा हात माझ्यामुळे गेला. तसं मी लिहून देतो, सही करून देतो."

"पण तसं झालेलं नाही!"

"ते मी सोसेन. सोसतोच आहे. दुसरं माझ्यानं सोसवणार नाही."

गुरुवारी समितीतले पाच जण आले. लांब टेबल, कॉफीचे थर्मास, रोस्वितानं आणलेली बिस्किटं. अध्यक्षबाई, डॉ. श्पेर्लिंग, चष्म्यावरून बघून बोलणाऱ्या. त्यांनी मुक्या बारांचं विचारलं. प्रोफेसरांनी ओल सांगितली. त्यांनी पुन्हा विचारलं. प्रोफेसरांनी पुन्हा तेच सांगितलं. मी पत्र काढून टेबलावर सरकवलं आणि कोटाची गोष्ट सांगितली. मग हात मांडीखाली घेतले.

पत्र पाच हातांतून फिरलं.

"हे खरं असेल तर..." श्पेर्लिंगबाई म्हणाल्या.

प्रोफेसर उभे राहिले. "बिल्ला जुना होता. माझ्याकडे त्याहून पक्का पुरावा आहे." ते शांतपणे, वर्गात शिकवावं तसं बोलत होते. "या बाईंना मी अकरा बार यंत्राशी उभं केलं. त्या तेव्हा गरोदर होत्या. त्यांच्या मुलीला डाव्या हाताला तीन बोटं आहेत. न्यूट्रॉन नसतील, तर ती बोटं कुठे गेली?"

रोस्विता दाराशी उभी होती, तिनं तोंडावर हात ठेवला. माझी फेन्या त्या वेळी पाळणाघरात त्याच हातानं चिखलाचे लाडू वळत असणार, आणि इथे पाच अनोळखी माणसं तिची बोटं मोजत होती.

"हे खरं आहे का?" श्पेर्लिंगबाईंनी मला विचारलं, मऊ आवाजात.

"बोटं तीन आहेत, हे खरं आहे," मी म्हटलं. "ती तशीच यायची होती. पत्रात शून्य आहे."

बाईंनी वही मिटली.

पुढच्या जूनमध्ये शेड बंद झाली. शेवटच्या दिवशी रोस्वितानं खिळ्यांवरचे कोट एकेक करून उतरवले, घड्या घातल्या आणि ज्याचा त्याच्या हातात दिला. माझा देताना काही बोलली नाही, कॉलर तेवढी नीट केली. प्रोफेसरांचा कोट तिनं उतरवला नाही. ते आलेच नव्हते.

आता ते शनिवारी बाजारात भेटतात, धुरावलेल्या माशांच्या गाडीपाशी. खूप वाळलेत. फेन्याला पाहिलं की टोपी काढतात, कष्टानं गुडघ्यावर वाकतात आणि तिच्या डाव्या हाताकडे बघत म्हणतात, "मला माफ कर, बाळा."

पहिल्यांदा मी मध्ये पडले होते. "प्रोफेसर, तुमची काही चूक नाही. तुम्हाला माहीत आहे," म्हटलं. त्यांनी वर पाहिलं. मी त्यांच्या थोबाडीत मारली असती तरी ते असे दिसले नसते. त्यानंतर मी काही म्हणत नाही. पिशवी धरून बाजूला उभी राहते.

पाळणाघरात शिकवलंय, कुणी माफी मागितली की काय म्हणायचं ते. फेन्या तिन्ही बोटांनी त्यांच्या टोपीची कड चाचपते आणि म्हणते, "असू दे."

ते उठतात, टोपी घालतात, आणि मासा न घेताच जातात.